अटींचं सौंदर्य

डिसेंबर २००४ मध्ये ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात साशा कॉनराड, बेटी चेंग आणि लॉरा कॅम्पबेल यांचा एक निबंध आला. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत झालेलं हे काम. नाव ‘ऑब्जेक्ट ॲनालिसिस पॅटर्न्स फॉर एम्बेडेड सिस्टिम्स’. एम्बेडेड, म्हणजे यंत्रांच्या पोटात संगणक बसवलेल्या, यंत्रणांचं विश्लेषण करताना पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या रचना त्यात गोळा केल्या आहेत, त्यांना नावं दिली आहेत आणि प्रत्येक रचना एकाच ठरावीक साच्यात मांडली आहे. संशोधनाचा निबंध सहसा कोणी रसग्रहणासाठी हाती घेत नाही. त्यातला निष्कर्ष उचलायचा, संदर्भांच्या यादीत नाव टाकायचं आणि पुढे जायचं, असाच रिवाज आहे. हा निबंध मात्र मला सावकाश वाचावासा वाटतो, कारण त्याच्या मांडणीतच एक विचार आहे आणि तो विचार निबंधात कुठेही मोठ्या आवाजात सांगितलेला नाही.

आधी विश्लेषण म्हणजे नेमकं काय चाललेलं असतं ते पाहू. हाउसिंग सोसायटीत पाण्याची मोटर आपोआप चालू-बंद करणारा छोटा कंट्रोलर असतो. वरच्या टाकीत फ्लोट, खालच्या टाकीत फ्लोट, मध्ये मोटर. कोडपासून सुरुवात करणारा माणूस लिहितो: वरची टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद. दोन ओळींत काम झालं. विश्लेषण करणारा माणूस त्या दोन ओळींसमोर थांबतो आणि विचारायला लागतो. फ्लोट अडकून बसला तर? खालच्या टाकीत पाणी नसताना मोटर कोरडी चालत राहिली तर? लाइट गेली आणि पुन्हा आली, तर कंट्रोलर कुठल्या अवस्थेत जागा होईल? मोटरला ‘चालू हो’ म्हटलं आणि ती चालू झालीच नाही, तर हे कोणाला कळणार? कंट्रोलर स्वतःच अडकला तर? हे प्रश्न पाण्याच्या मोटरपुरते नाहीत. गाडीच्या ब्रेकला, रुग्णाला थेंबथेंब औषध देणाऱ्या पंपाला, डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरलाही ते जसेच्या तसे लागू पडतात. यंत्र बदलतं, प्रोसेसर बदलतो, भाषा बदलते. प्रश्न तेच राहतात. निबंधाच्या लेखकांनी पुन्हा वापरण्यासाठी निवडले ते हे प्रश्न.

अशा नाव दिलेल्या रचनांची, म्हणजे पॅटर्नची, परंपरा त्याआधीही मोठी होती. क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ च्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’मध्ये शहरांपासून खिडकीतल्या बसण्याच्या जागेपर्यंत २५३ पॅटर्न मांडले. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८७ मध्ये ती कल्पना सॉफ्टवेअरकडे आणली. १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’मधले २३ पॅटर्न तर आज कॉलेजातल्या मुलांना तोंडपाठ असतात. मार्टिन फाउलरने पुढे ‘ॲनालिसिस पॅटर्न्स’ लिहिलं, पण त्याची उदाहरणं रुग्णालयांच्या नोंदींतली, हिशेबवह्यांतली, व्यापारातली. एम्बेडेड जगासाठी ब्रूस पॉवेल डग्लसची जाडजूड आणि उत्तम पुस्तकं होती, आणि या निबंधाने त्याच्या विचारांचा आधार घेतला आहे. मात्र डग्लसचा भर रचना कशी उभारायची यावर होता. उभारणीच्या आधीची जागा रिकामी होती.

या निबंधाचं सौंदर्य मला पहिल्यांदा दिसलं ते साच्यात. ‘डिझाइन पॅटर्न्स’मध्ये प्रत्येक पॅटर्नला ठरावीक मथळे आहेत: हेतू, प्रेरणा, कुठे लागू, रचना, सहभागी घटक, परिणाम वगैरे. या लेखकांनी हाच साचा घेतला, पण त्यातले दोन मथळे गाळले: ‘अंमलबजावणी’ आणि ‘नमुना कोड’. त्यांच्या जागी ‘वर्तन’ आणि ‘अटी’ आले. शिवाय पुढे कोणते डिझाइन पॅटर्न उपयोगी पडतील तेही सांगितलं. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्याने नमुना कोड गाळणं हा मोठा संयम आहे. कोड दिला की वाचक तोच उचलतो, बाकीचं वाचत नाही. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. इथे उचलण्यासारखा कोडच नाही. वाचकाला हेतू वाचावा लागतो, क्लास डायग्राम पाहावा लागतो, स्टेट डायग्राममध्ये एकेका अवस्थेवरून बोट फिरवावं लागतं, आणि मग तो ‘अटी’ या मथळ्यापाशी पोहोचतो. प्रत्येक पॅटर्नचा खरा गाभा तिथे आहे. अमुक झालं तर तमुक झालंच पाहिजे. अमुक कधीही होता कामा नये. अशी विधानं, आधी साध्या इंग्रजीत आणि मग लिनिअर टेम्पोरल लॉजिकच्या, म्हणजे घटनांच्या क्रमाबद्दल बोलणाऱ्या तर्कभाषेच्या, सूत्रात.

अटींचं मोल कशात आहे ते कळण्यासाठी एका दुर्घटनेकडे जावं लागतं. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान-५ रॉकेटने पहिलं उड्डाण केलं आणि चाळीसेक सेकंदांत ते फुटलं. रॉकेटची दिशा आणि गती सांगणारी यंत्रणा एरियान-४ वरून आणलेली होती, सॉफ्टवेअरसकट. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४-बिटी दशांश संख्या १६-बिटी पूर्णांकात बदलताना मावली नाही. एरियान-४ च्या मार्गावर ती मावत असे. एरियान-५ वेगळ्या मार्गाने चढत होतं, त्याचा आडवा वेग लवकर वाढत होता. हा हिशेब ज्या कामासाठी चालला होता, ते काम एरियान-५ ला जमीन सोडल्यावर लागतही नव्हतं. जोडीला राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडली होती. जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने अहवालात एक तपशील नोंदवला आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. धोका असलेल्या सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं आणि तिघांना दिलं नव्हतं, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि त्या तिघांची मूल्यं मर्यादेबाहेर जाणार नाहीत असं विचारपूर्वक ठरवलं होतं. या निर्णयाचं समर्थन मूळ कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे एरियान-४ च्या लोकांनी विश्लेषण केलं होतं, आणि चांगलं केलं होतं. पुढच्या रॉकेटवर कोड गेला, अट मागे राहिली. निबंधाच्या साच्यातला गाळलेला ‘नमुना कोड’ आणि वाढवलेल्या ‘अटी’ या पार्श्वभूमीवर वाचल्या की त्या निवडीचं वजन जाणवतं.

आता ‘ॲक्च्युएटर-सेन्सर’ हा पॅटर्न जवळून पाहू. वरवर तो अगदी साधा आहे. बाहेरच्या जगातून माहिती आणणारे सेन्सर, बाहेरच्या जगावर काही घडवणारे ॲक्च्युएटर, आणि मध्ये हिशेब करणारा घटक. सेन्सरचे दोन स्वभाव सांगितले आहेत. निष्क्रिय सेन्सर विचारलं की सांगतो. सक्रिय सेन्सर स्वतःहून, मूल्य बदललं की कळवतो. एम्बेडेडमध्ये काम करणारा कोणीही म्हणेल की हे तर पोलिंग आणि इंटरप्ट. पण लेखक त्या पातळीवर उतरत नाहीत. पुढाकार कोणाचा, एवढंच ते विचारतात, आणि ते नेमकं विश्लेषणाच्या पातळीवरचं विचारणं आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी कंट्रोलरने विचारायची की फ्लोटने सांगायची, हे ठरलं की सिक्वेन्स डायग्राम बदलतो, चुकण्याच्या जागा बदलतात. विचारणारा विसरला तर काय, आणि सांगणारा मुका झाला तर काय, हे दोन वेगळे अपघात आहेत.

मला सर्वांत आवडणारा भाग याच पॅटर्नमध्ये एका बारीकशा गुणधर्मात लपलेला आहे. प्रत्येक सेन्सरला आणि ॲक्च्युएटरला त्याच्या मूल्याशिवाय स्वतःची कार्यस्थिती दिलेली आहे: मी ठीक आहे की नाही. मूल्य मर्यादेबाहेर गेलं किंवा उपकरण बिघडलं, तर ते या स्थितीत दिसलं पाहिजे आणि दोष हाताळणाऱ्या घटकापर्यंत पोहोचलं पाहिजे, अशी अट आहे. ‘पाणी किती आहे’ आणि ‘पाणी मोजणारा शाबूत आहे का’ या दोन गोष्टी वेगळ्या वाटेने गेल्या पाहिजेत. पुन्हा एरियानकडे पाहा. बंद पडताना त्या यंत्रणेने बिघाडाच्या निदानाची माहिती मुख्य संगणकाकडे पाठवली, आणि मुख्य संगणकाने ती उड्डाणाची माहिती समजून वाचली. त्या आकड्यांवर विश्वास ठेवून त्याने नोझल टोकापर्यंत वळवले. बिघाडाची बातमी आणि मोजमाप एकाच वाटेने आले होते. निबंधातल्या एका लहानशा गुणधर्मामागे एवढं मोठं कारण उभं आहे. लेखकांनी ते कथा म्हणून सांगितलेलं नाही, रचनेत बसवलं आहे.

सेन्सरवर किती विश्वास ठेवायचा, हा या सगळ्या क्षेत्राचा जुना जिव्हाळ्याचा विषय. ३ डिसेंबर १९९९ रोजी मंगळावर उतरताना नासाचं ‘मार्स पोलर लँडर’ हरवलं. चौकशीत सर्वांत संभाव्य कारण असं निघालं की पाय उघडताना बसलेल्या झटक्याने पायांतल्या सेन्सरनी ‘जमिनीला टेकलो’ असा खोटा क्षणिक इशारा दिला, सॉफ्टवेअरने तो जपून ठेवला, आणि सुमारे ४० मीटर उंचीवर तो वाचताच इंजिनं बंद झाली. सेन्सर बिघडला नव्हता. त्याने हादरा खरोखरच अनुभवला होता. कुठल्या क्षणापासून त्याचं ऐकायचं, ही अट त्या कोडपर्यंत पुरेशी पोहोचली नव्हती. मूल्यासोबत काळाचीही अट लागते, हे इथे दिसतं, आणि याच ठिकाणी निबंधाची एक मर्यादाही उघडी पडते. तिच्याकडे पुढे येतोच.

‘वॉचडॉग’ हा पॅटर्न तर सर्वांना परिचयाचा. ठरलेल्या वेळात ज्याच्याकडून खूण यायला हवी ती आली नाही, तर वॉचडॉग त्याला रिसेट करतो किंवा ठरलेली उपाययोजना सुरू करतो. जवळपास प्रत्येक मायक्रोकंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये वॉचडॉग टायमरचं प्रकरण असतं. ते वाचून बहुतेक जण टायमर कसा सुरू करायचा आणि त्याला किक, म्हणजे ‘मी ठीक आहे’ ही खूण, कशी द्यायची एवढंच शिकतात. मग कुणीतरी ती किक टायमरच्या इंटरप्टमध्ये टाकतो. मुख्य प्रोग्राम अडकून पडला तरी इंटरप्ट इमानाने चालत राहतो, किक मिळत राहते आणि वॉचडॉग समाधानाने गप्प बसतो. विश्लेषणाच्या पातळीवरचा वॉचडॉग पॅटर्न वाचला की ही चूक करणं अवघड होतं, कारण तिथे टायमर नाही. तिथे एक निरीक्षक आहे, ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो घटक आहे, आणि त्या दोघांतला करार आहे. खूण कोणाकडून यायला हवी हे डायग्राममध्ये रेषेने दाखवलेलं आहे. ती रेषा भलत्याच घटकाकडून निघाली तर डोळ्याला लगेच खटकते.

खूण आली नाही म्हणून रिसेट केलं, की काम संपलं का? जुलै १९९७ मध्ये ‘मार्स पाथफाइंडर’ मंगळावर उतरल्यानंतर काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप रिसेट होऊ लागला. कमी प्राधान्याचं हवामानाचं काम एक कुलूप धरून बसे, मधल्या प्राधान्याची कामं त्याला मागे ढकलत, आणि वरच्या प्राधान्याचं काम त्या कुलपासाठी ताटकळत राही. वेळेत काम पुरं झालं नाही हे पाहणाऱ्या भागाने नेमून दिल्याप्रमाणे यंत्रणा रिसेट केली, पुन्हा पुन्हा.  पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत जेट प्रॉपल्शन लॅबच्या लोकांनी तसाच प्रसंग घडवून आणला, प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरलेल्या कामाला ताटकळणाऱ्या कामाचं प्राधान्य तात्पुरतं देण्याची सोय) सुरू करणारा बदल मंगळावर पाठवला आणि रिसेट थांबले. त्यांना कारण सापडलं ते नोंदी हाताशी होत्या म्हणून. निबंधातल्या संग्रहात वॉचडॉग एकटा उभा नाही. ‘संबंधित पॅटर्न’ या मथळ्यापासून वाट ‘फॉल्ट हँडलर’कडे जाते, आणि तिथे दोषाची नोंद ठेवणं हे हाताळणीचाच भाग मानलं आहे. सुटा वॉचडॉग लक्षणावर इलाज करतो. नोंद असेल तर कारणापर्यंत जाता येतं.

‘फॉल्ट हँडलर’ आणि ‘डिटेक्टर-करेक्टर’ ही जोडी मला संग्रहातली सर्वांत प्रौढ वाटते. घटकाच्या पातळीवर मिटवता येणारा दोष तिथेच मिटवायचा. सगळ्या यंत्रणेशी ज्याचा संबंध आहे तो मध्यवर्ती घटकाकडे न्यायचा. ‘इंडिकेटर’, ‘युझर इंटरफेस’, ‘मॉडरेटर’ यांवर मी फार रेंगाळत नाही. ते उपयोगी आहेत, पण त्यांत शोधाचा आनंद कमी आहे. ‘कम्प्युटिंग कंपोनंट’ मात्र सोडवत नाही. यंत्रणा सुरू होण्याच्या, नेहमीच्या कामाच्या आणि सुरक्षित माघारीच्या अवस्था त्यात वेगवेगळ्या काढून दाखवल्या आहेत, आणि माघारीचे प्रकारही एकापेक्षा जास्त आहेत. पाण्याच्या मोटरला ‘बंद’ ही सुरक्षित अवस्था आहे. उडत्या विमानाच्या नियंत्रणाला ती नाही. हृदयाला ठोके देणाऱ्या पेसमेकरलाही नाही. सुरक्षित म्हणजे काय हे यंत्रागणिक ठरवावं लागतं, आणि पॅटर्न ते ठरवून देत नाही. ते ठरवल्याशिवाय तुम्हाला स्टेट डायग्राम पुरा करू देत नाही. वाचकाला कामाला लावण्याची ही रीत मला मनापासून भावते.

अटी सूत्रात लिहिण्याचा फायदा असा की त्या तपासता येतात. अमीर न्युएली यांनी १९७७ मध्ये प्रोग्रामच्या विचारात आणलेलं टेम्पोरल लॉजिक, जेरार्ड होल्झमन यांचं ‘स्पिन’ हे तपासनीस साधन, आणि यूएमएल या आकृत्यांच्या भाषेतल्या मॉडेलचं स्पिनच्या भाषेत रूपांतर करणारं मिशिगनमधलंच ‘हायड्रा’, अशी ही साखळी आहे. मॉडेल करायचं, पॅटर्नमधली अट आपल्या घटकांची नावं घालून लिहायची, आणि स्पिनला विचारायचं: ही अट मोडेल असा एखादा घटनाक्रम आहे का? असेल तर स्पिन तो पायरीपायरीने दाखवतो. इथे अजून एक पदर आहे. या सूत्रांसाठी लेखकांनी ड्वायर, ॲव्हरुनिन आणि कॉर्बेट यांचे विधानांचे पॅटर्न वापरले: ‘हे कधीच घडू नये’, ‘हे नेहमी खरं असावं’, ‘याला प्रतिसाद म्हणून ते यावं’. तर्काच्या भाषेत ज्याचा हात बसलेला नाही असा अभियंताही त्यांच्या आधाराने बरोबर सूत्र लिहू शकतो. म्हणजे रचनेच्या पॅटर्नच्या पोटात विधानाचा पॅटर्न. ही गुंफण सुंदर आहे.

आता मर्यादा. सेन्सर आणि ॲक्च्युएटर यांचं वर्गीकरण मूल्याच्या प्रकारावरून केलं आहे: हो-नाही सांगणारे, पूर्णांक देणारे, दशांश देणारे, गुंतागुंतीचं मूल्य देणारे. क्लास डायग्रामवर ती फांद्यांची उतरंड मोठी दिसते, पण तिच्यातून हाती फार लागत नाही. सेन्सरचं खरं वेगळेपण त्याच्या मूल्याच्या प्रकारात नसतं. तो किती उशिरा बोलतो, किती चुकतो आणि कसा बिघडतो, यात ते असतं. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. लिनिअर टेम्पोरल लॉजिकमध्ये ‘कधी ना कधी’ म्हणता येतं. ‘५० मिलिसेकंदांच्या आत’ म्हणता येत नाही. आणि एम्बेडेडमध्ये उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चूकच असतं. मार्स पोलर लँडरसारख्या प्रसंगात तर काळच सर्व काही होता. ही उणीव कॉनराड आणि चेंग यांनीच पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, ‘रिअल-टाइम स्पेसिफिकेशन पॅटर्न्स’ या निबंधात भरून काढायला घेतली. दोन्ही निबंध एकत्र वाचले तरच चित्र पुरं होतं.

या कामात उदाहरण म्हणून आलेली एक यंत्रणा डिझेल फिल्टरची आहे: धुरातली काजळी अडवायची, फिल्टर भरत आला की तो तापवून साफ करायचा, आणि हे सगळं इंजिनाच्या अवस्थेकडे लक्ष ठेवून. अमेरिकेत झालेलं ते विश्लेषण आता आपल्या फार जवळ आलं आहे. १ एप्रिल २०२० रोजी भारतात वाहनांच्या धुरासाठीचं बीएस-६ मानक लागू झाल्यापासून काजळीचा फिल्टर आपल्याकडच्या नव्या डिझेल गाड्यांमध्ये रूळला आहे, आणि वाहनांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणारे कितीतरी मराठी अभियंते पुण्यात हिंजवडीपासून चाकणपर्यंत पसरलेले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात रोज जुन्या प्रकल्पाचा कोड येतो आणि त्यावर नवा प्रकल्प उभारायचा असतो. अटी मात्र त्या कोडसोबत क्वचितच येतात.

त्यांना माझं सांगणं आहे की हा निबंध मिळवा आणि ‘ॲक्च्युएटर-सेन्सर’पासून सुरू करा, मग ‘वॉचडॉग’, मग ‘फॉल्ट हँडलर’. प्रत्येक पॅटर्नमधलं ‘अटी’ हे कलम वाचून झालं की तुमच्याच चालू प्रकल्पातला एक सेन्सर घ्या आणि त्याच्या अटी कागदावर लिहा: मर्यादा काय, केव्हापासून त्याचं ऐकायचं, तो गप्प झाला तर कोणाला कळणार. तो कागद रिक्वायरमेंटच्या दस्तऐवजात जोडा, कोडसोबत पुढच्या टीमकडे पाठवा. आणि इंजिनिअरिंग कॉलेजात हा विषय शिकवणाऱ्यांनी २३ डिझाइन पॅटर्न शिकवण्याआधी विश्लेषणाचे हे दोन-तीन पॅटर्न वर्गात घ्यावेत, डायग्राम फळ्यावर काढून, सावकाश.